डोंगराच्या रंगाचे कापड

आमच्या महाविद्यालयातून पुष्कळ वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका सरांचा कोट सध्या माझ्याकडे आहे. सर गेले, त्यानंतर बाईंनी त्यांची पुस्तके विभागाला द्यायचे ठरवले आणि पुस्तकांच्या एका खोक्यात तळाशी घडी घालून हा कोटही ठेवला. रंग तपकिरी, स्पर्श खरखरीत, कोपरांवर चामड्याची ठिगळे. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या पहिल्या तासाला सर तो घालून येत आणि काव्यशास्त्र शिकवत. आमच्या पिढीच्या मनात ‘साहित्याचा प्राध्यापक’ म्हटले की जे चित्र उभे राहते त्यात असा एक कोट असतोच. इंग्रजी चित्रपटांनी आणि विलायतेहून परतलेल्या थोड्या अध्यापकांनी मिळून तो आपल्याकडे रुजवला असावा.

कोट घरी आणल्यावर आतल्या खिशाजवळची पट्टी प्रथमच नीट पाहिली. पृथ्वीचा गोल, त्यावर माल्टीज क्रूस आणि खाली ‘हॅरिस ट्वीड’ ही अक्षरे. हॅरिस हे स्कॉटलंडच्या वायव्येस असलेल्या बाह्य हेब्रिडीज द्वीपसमूहातील एका बेटाच्या दक्षिण भागाचे नाव. त्याच बेटाच्या उत्तर भागाला ल्यूइस म्हणतात. आणि हे कापड ज्या कामासाठी प्रसिद्धीस आले ते काम अध्यापनाचे नव्हते. ते शिकारीचे होते. कोपरांवरचे ते चामडेसुद्धा शिकारीच्या कोटाकडूनच आलेले आहे. खडकांवरून रांगताना कोपर आधी झिजते, म्हणून तेथे आधी ठिगळ बसते.

शिकार म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर मचाण, हाकारे आणि हत्ती येतात. स्कॉटलंडमधील लाल हरणाची शिकार निराळी. तेथे डोंगर उघडा असतो, लपायला झाड नसते आणि हरणाचे नाक अतिशय तीक्ष्ण असते. शिकाऱ्याने वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, कधी ओढ्याच्या पात्रातून तर कधी भिजलेल्या शेवाळावरून पोटावर सरपटत, तास दोन तास पुढे सरकावयाचे असते. नराच्या शिकारीचा पारंपरिक हंगाम १ जुलै ते २० ऑक्टोबर असा होता (कायद्याने घातलेली ही मर्यादा २०२३ मध्ये उठवण्यात आली), आणि मादीचा त्यानंतर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. म्हणजे उन्हाळ्यातील डासांपासून हिवाळ्यातील हिमवृष्टीपर्यंत सारे काही एकाच कपाटातील कपड्यांनी निभावून न्यावयाचे. शिवाय तेथील हवा अशी की सकाळी निघताना ऊन, माथ्यावर धुके आणि परतताना मुसळधार पाऊस, हे एका दिवसात घडते.

अशा ठिकाणी लोकरीला पर्याय नव्हता, आणि त्याची कारणे सरळ आहेत. लोकरीचा तंतू कुरळा असतो, त्यामुळे कापडात हवा अडकून राहते. तो स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के बाष्प शोषून घेतो, तरी अंगाला ओला लागत नाही. उलट बाष्प शोषताना किंचित उष्णताच बाहेर टाकतो. सुती कापड भिजले की अंगाला चिकटते आणि ऊब काढून घेते. लोकर भिजली तरी काही ऊब राखते. ती सळसळत नाही, हेही शिकाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. जाणते लोक एकाच जाड कपड्यावर कधी विसंबत नसत. अंगालगत विणलेली लोकरी बंडी, तिच्यावर फ्लॅनेलचा सदरा, त्यावर जाकीट, मग ट्वीडचा कोट, आणि थांबून राहावयाचे असेल तेव्हा खांद्यावरून घेतलेली लांब लोकरी चादर, असे थर असत. चढताना एकेक थर उतरवून पिशवीत टाकावयाचा, माथ्यावर पोहोचल्यावर घाम थंड होण्याआधी पुन्हा चढवावयाचा. विजार गुडघ्याखाली थोडी येऊन संपे. ओल्या हेदरच्या झुडपांत लांब विजारीची टोके भिजून जड होतात; त्याऐवजी पोटऱ्यांवर जाड मोजे, आणि ते बदलता येतात. ही सारी व्यवस्था कोणा शिंप्याने कल्पनेने रचलेली नाही. त्या डोंगरांत राहणारे गुराखी आणि धनगर पिढ्यान्‌पिढ्या जे करीत होते, त्याचेच हे बेतून शिवलेले रूप होय.

(अंगालगत लोकरच हवी, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये जवळजवळ संप्रदायाच्या थराला गेला होता. गुस्ताव येगर या जर्मन शास्त्रज्ञाने वनस्पतिजन्य कापड आरोग्याला अपायकारक ठरवले, १८८४ मध्ये त्याच्या नावाने लंडनमध्ये व्यवसाय सुरू झाला, आणि बर्नार्ड शॉ आपादमस्तक लोकरीचा येगर पोशाख घालून शहरात हिंडू लागले. शॉ यांच्या तर्कटीपणाला शोभेसेच हे झाले.)

आता हे कापड तयार कसे होई ते पाहू. हॅरिसमध्ये लोकर कातल्यानंतर नव्हे, तर कातण्यापूर्वीच रंगवीत. निरनिराळ्या रंगांची लोकर पिंजताना एकत्र मिसळत आणि मग सूत काढीत. म्हणून दुरून केवळ तपकिरी दिसणारे कापड डोळ्यांजवळ धरले की त्यात नारिंगी, हिरवा, निळा, पिवळा असे कण दिसू लागतात. सरांच्या कोटावर मी हा प्रयोग केला आहे. सात रंग मोजले आणि पुढे मोजणे सोडून दिले. विटकरी तपकिरी रंग खडकांवर वाढणाऱ्या शैवाकाच्या एका जातीपासून मिळे. तिला तेथे ‘क्रॉटल’ म्हणतात. आपल्या गोड्या मसाल्यात पडते त्या दगडफुलाच्याच कुळातील ती. खडक खरवडून ती गोळा करावयाची, लोखंडी कढईत लोकरीचा थर, तिचा थर, पुन्हा लोकरीचा थर असे रचून तासन्‌तास उकळावयाचे. जुन्या हॅरिस ट्वीडला जो एक विशिष्ट वास असे, तो या रंगाचा.

मागावरून उतरलेले कापड विरळ आणि तेलकट असते. ते घट्ट व्हावे म्हणून शिळ्या मूत्रात भिजवून, लांब फळीभोवती बसलेल्या बायका ते हाताने आपटत, मळत, एकीकडून दुसरीकडे सरकवीत. मूत्रातील अमोनियाने तेल निघून जाते आणि तंतू एकमेकांत गुंततात. वारा व पाऊस अडवण्याची शक्ती कापडात येते ती या मळण्यामुळे. हे काम गाण्याशिवाय होत नसे. एकीने ओळ म्हणावयाची, इतरांनी पालुपद उचलावयाचे, आणि कापडाचा आपटा हाच ताल. गेलिक भाषेतील या गीतांचा मोठा संग्रह जे. एल. कॅम्बेल आणि फ्रान्सिस कॉलिन्सन यांनी १९६९ ते १९८१ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केला. त्यांतील कित्येक रचना शतकानुशतके जुन्या आहेत आणि बहुतेक स्त्रियांच्या आहेत. बुडालेला प्रियकर, माहेर, नको असलेले लग्न हे त्यांचे विषय. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी अभ्यासल्या आहेत त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. तेथेही श्रमाचा ताल नाहीसा झाला तेव्हा गीताचा छंद अधांतरी राहिला.

मग घरच्या वापराचे हे खरबरीत कापड सरदार-उमरावांच्या अंगावर कसे गेले? हॅरिस १८३४ मध्ये डनमोरच्या अर्लने विकत घेतले होते. पुढे सहाव्या अर्लच्या निधनानंतर मालमत्तेचा कारभार त्याची पत्नी कॅथरिन पाहू लागली. १८४६ च्या सुमारास तिने बेटावरील विणकरांकडून आपल्या मरे घराण्याचा चौकडा ट्वीडमध्ये विणून घेतला, आपल्या शिकार-रक्षकांना आणि गिलींना (शिकाऱ्याबरोबर दुर्बीण, बंदूक, शिधा वाहून नेणाऱ्या सेवकांना) त्याचे पोशाख दिले आणि लंडनच्या दरबारी वर्तुळात त्याचा प्रसार केला. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि बेटांवर उपासमार सुरू झाली. कापडाला गिऱ्हाईक मिळवून देणे हा त्या काळी खरोखरच मदतीचा एक मार्ग होता. लेडी डनमोरचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

पण या घटनेची दुसरी बाजू तपासल्यावाचून पुढे जाता येत नाही. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील मालमत्ता झपाट्याने नव्या मालकांच्या हाती जात होत्या. त्यांपैकी अनेकांचा कोणत्याही कुळाशी संबंध नव्हता, म्हणून कुळाचा चौकडा वापरण्याचा हक्कही नव्हता. त्यांनी आपापल्या जमिनीचे कापड निर्माण केले. वाल्टर स्कॉटने लोकप्रिय केलेला सीमाभागातील मेंढपाळांचा काळा-पांढरा बारीक चौकडा घ्यावयाचा आणि त्यात आपल्या डोंगराचे रंग घालावयाचे. लॉर्ड लोव्हॅटने मोरार सरोवराच्या पलीकडच्या काठावरील फुलांचे आणि वाळल्या नेच्यांचे रंग मिसळवून आपले कापड ठरवले, असे सांगतात. राणी व्हिक्टोरियाचा पती आल्बर्ट याने बालमोरलसाठी जे ट्वीड योजले ते दुरून तेथील ग्रॅनाइट खडकासारखे करडे दिसते. कोणत्या खोऱ्यात कोणता रंग हे पुढे इतके पक्के झाले की एल्गिनच्या ई. एस. हॅरिसन या गिरणीमालकाने १९६८ मध्ये या चौकड्यांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

येथे ‘कपड्याची निवड’ या शब्दांचा अर्थ बदलतो. मालक आपला रंग निवडत होता. गिलीला तो मिळत होता. दरसाल किंवा एक वर्षाआड मिळणारा हा जाड कापडाचा जोड त्याच्या पगाराचाच भाग होता, आणि तो टिकाऊ असणे ही मालकाची सोय होती. अंगावरच्या चौकड्यावरून हा माणूस कोणत्या डोंगराचा, म्हणजे कोणाचा, हे दूरवरून ओळखू येई. हरणाला दिसू नये म्हणून रंगवलेले कापड माणसांना मात्र नेमके दिसावे असेच होते.

आणि हे डोंगर इतके मोकळे कसे झाले होते? याचे उत्तर पुन्हा लोकरीपाशीच येते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून स्कॉटिश जमीनदारांना असे आढळून आले की कुळांच्या खंडापेक्षा दक्षिणेतून आणलेल्या शेव्हियट मेंढ्यांचे उत्पन्न अधिक आहे. सदरलंडमध्ये १८०७ ते १८२१ या काळात हजारो माणसांना खोऱ्यांतून उठवून किनाऱ्यावर लोटण्यात आले. घरे जाळून माणसे हुसकावल्याच्या आरोपावरून पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ मध्ये इन्व्हर्नेस येथे खटला चालला; तो निर्दोष सुटला. हॅरिसच्या पश्चिम किनाऱ्यावरील सुपीक वाळूची जमीनही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेंढ्यांसाठी रिकामी करण्यात आली आणि तेथील कुटुंबे पूर्वेच्या खडकाळ खाड्यांवर गेली. त्या बाजूला माती इतकी कमी की प्रेत पुरण्याइतकी खोलीही मिळत नसे. शवपेट्या खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडून पुन्हा पश्चिमेला, आपल्या जुन्या गावच्या दफनभूमीत न्याव्या लागत. ती पाऊलवाट आजही दाखवतात. हॅरिस ट्वीड विणणाऱ्या कित्येकजणींचे माग याच पूर्व किनाऱ्यावर चालत होते.

या उलथापालथीचा एक साक्षीदार साहित्याच्या अभ्यासकांनी अवश्य ओळखावा असा आहे. डंकन बान मॅकइंटायर (१७२४–१८१२) हा गेलिक कवी स्वतः वनरक्षक होता. हरणांची राखण करणे हा त्याचा व्यवसाय. त्याला लिहितावाचता येत नसे. बेन डोरन या डोंगराच्या आणि तेथील हरणांच्या स्तुतीचे त्याचे दीर्घ काव्य गेलिक साहित्यातील एक शिखर मानले जाते, आणि ते आधी मुखोद्गत रचले गेले, मग इतरांनी उतरवून घेतले. म्हातारपणी, १८०२ मध्ये, तो पुन्हा त्या डोंगरावर गेला तेव्हा तेथे हरणे नव्हती, माणसे नव्हती, मेंढ्या होत्या. त्या भेटीवर त्याने डोंगरांचा निरोप घेणारे गीत रचले. त्याची दुसरी एक रचना मला अधिक विलक्षण वाटते: तिच्यात तो कोल्ह्यांना दुवा देतो, कारण ते मेंढ्या मारतात. वन्य जनावरांची राखण करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने शिकारी जनावराचा असा गौरव करावा, यातील कडवटपणा समजण्यास टीकाकाराची गरज नाही.

पुढे चक्र आणखी एकदा फिरले. १८७० नंतर ऑस्ट्रेलियाची लोकर आणि न्यूझीलंडचे मांस यांमुळे मेंढ्या परवडेनाशा झाल्या. आता मेंढ्या उठवून हरणे आणण्यात आली. उद्योगपतींना हंगामासाठी भाड्याने देण्याची ‘हरणांची राने’ (नाव रानाचे, झाड मात्र अभावानेच) वाढत गेली आणि १९१२ पर्यंत त्यांचे क्षेत्र सुमारे ३५ लाख एकरांवर पोहोचले. म्हणजे स्कॉटलंडच्या पाचव्या हिश्शाच्या जवळपास. ट्वीडच्या शिकारी पोशाखाचा सुवर्णकाळ तो हाच.

या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो, आणि तो माझ्या लक्षात आला तेव्हा मला काही काळ पुढे वाचवले नाही. ल्यूइस १८४४ मध्ये जेम्स मॅथेसन याने विकत घेतले. जार्डिन-मॅथेसन या पेढीचा हा भागीदार. त्याची संपत्ती चीनमधील अफूच्या व्यापारातून आलेली. त्या अफूचा मोठा भाग माळव्याचा, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकलेला, आणि तो मुंबई बंदरातून जहाजांवर चढे. मुंबईतील त्यांचे प्रमुख सहकारी होते जमशेटजी जीजीभाई. ज्यांच्या नावाची कलाशाळा आणि रुग्णालय आपण रोज उच्चारतो तेच. माळव्यातील कुणब्याची अफू, मुंबईची वखार, कँटनचे गिऱ्हाईक आणि ल्यूइसचा डोंगर हे सारे एकाच खातेवहीच्या पानांवर आहेत.

मॅथेसनच्या विधवेच्या काळात ल्यूइसमधील पार्क नावाच्या भागातील मेंढ्यांचे कुरण हरणांच्या रानात रूपांतरित करून भाड्याने देण्यात आले. भूमिहीन कुटुंबांनी ती जमीन मागितली होती, नकार मिळाला. २२ नोव्हेंबर १८८७ रोजी शेकडो माणसे बंदुका आणि निशाणे घेऊन त्या रानात शिरली, त्यांनी हरणे मारली, तेथेच भाजली आणि खाल्ली. या उठावाच्या पुढाऱ्यांत डोनाल्ड मॅक्रे हा बालॅलन गावचा शाळामास्तर होता. सैन्य आले, धरपकड झाली, आणि जानेवारी १८८८ मध्ये एडिंबरोच्या न्यायालयाने सहाही आरोपींना दोषमुक्त केले. त्या शिकाऱ्यांच्या अंगावर काय होते याची नोंद कोणी ठेवलेली नाही. नोव्हेंबरच्या पावसात तेथे दोन दिवस उघड्यावर काढायचे, म्हणजे ती घरची लोकरच असणार. त्या रंगावर कोणाच्या मालमत्तेचे नाव मात्र नव्हते.

शिकारीचा पोशाख युद्धावर जाणे हे ओघानेच आले. १९०० मध्ये बोअर युद्धासाठी लॉर्ड लोव्हॅटने रक्षकांची आणि गिलींची एक पलटण उभी केली. डोंगरात न दिसता पुढे सरकण्याचे त्यांचे कसब आता माणसांवर वापरावयाचे होते. झाडपाला अडकवलेल्या चिंध्यांच्या ज्या आवरणाला जगभरचे सैनिक ‘गिली सूट’ म्हणतात, त्याचे नाव त्या सेवकावरून पडले आहे. उलट दिशेने, सरहद्दीवरच्या धुळीचा ‘खाकी’ रंग आणि पोटरीला गुंडाळावयाची हिमालयातील लोकरी ‘पट्टी’ भारतातून ब्रिटिश सैन्यात गेली. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेल्या मराठा पलटणींच्या पायांवर ती होती.

जमिनीचा प्रश्न मात्र भिजत घोंगड्यासारखा शंभराहून अधिक वर्षे पडून राहिला. कापडाचे रक्षण आधी झाले. १९०९ मध्ये हॅरिस ट्वीडची संघटना स्थापन झाली, १९११ पासून गोल आणि क्रुसाचा छाप उमटू लागला, आणि १९९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने या एका कापडासाठी स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्यानुसार लोकर बाह्य हेब्रिडीजमध्येच रंगवलेली व कातलेली असावी लागते आणि कापड तेथील रहिवाशांनी आपापल्या घरी हाताने विणलेले असावे लागते. ‘आपापल्या घरी’ ही अट मी दोनदा वाचली. ज्या बेटावर कुळाच्या घराला एकेकाळी कायद्याचे काहीच संरक्षण नव्हते, तेथे घर हीच आता कापडाच्या अस्सलपणाची खूण झाली आहे. उत्तर हॅरिसची मालमत्ता २००३ मध्ये तेथील रहिवाशांच्या न्यासाने विकत घेतली. पार्कची मालकी दीर्घ कायदेशीर झगड्यानंतर २०१५ मध्ये स्थानिकांकडे आली. मॅक्रे मास्तरांच्या खटल्यानंतर १२७ वर्षांनी.

सरांना यांतले काही ठाऊक होते की नाही हे आता कळण्याचा मार्ग नाही. कोटाच्या खिशात खडूची पूड आणि एका ग्रंथालयाची १९८७ सालची पावती निघाली. अस्तर फाटले होते म्हणून मी तो आमच्या शिंप्याकडे दिला. त्याने कापड चिमटीत धरून पाहिले, उजेडाकडे नेले आणि म्हणाला, “अस्तर अजून दोनदा बदलावं लागेल. कापडाला काही होत नाही.”